एक पोपट, एक लॅम्प्रे आणि दादाचा पासपोर्ट

लंडनला गेले होते दादाकडे, एका सिक्रेट मिशनवर. परत आले ती एका पक्ष्याची आणि एका माशाची गोष्ट घेऊन. एक हजारो मैलांवरून येऊन इथलाच होऊन गेलेला. दुसरा अख्ख्या जन्मात आपला ओढा न सोडलेला...

पहाटे साडेपाचला जाग आली ती ओळखीच्या आवाजानं. कीआक्, कीआक्, कीआक्! डोळे न उघडताच मनात म्हटलं, आले मेले पेरूवर. आता आई गॅलरीत जाऊन ताट बडवणार, आणि खालचे काका 'काय हे सकाळी सकाळी' म्हणून ओरडणार. कूस बदलली तर हाताला गार रेडिएटर लागला. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. हे कोथरूड नव्हेच. हे हाउन्स्लो! लंडनचं पश्चिम टोक, हीथ्रो विमानतळाच्या अगदी उंबऱ्यावरचं.

पडदा सरकवला. खाली ओळीनं एकसारखी विटांची घरं, एकसारख्या कचऱ्याच्या पेट्या, एप्रिलमधलं टिपिकल राखाडी आभाळ. आणि समोरच्या झाडावर आठ-दहा हिरवेगार पोपट! लाल चोच, लांब शेपूट, नराच्या गळ्यात काळा-गुलाबी कंठ. सेम टू सेम आपले राघू.

मी तशीच धावत खाली. "दादा, बाहेर पोपट आहेत!"

दादा चहा गाळत होता. मान वर न करता म्हणाला, "हो. लोकल आहेत ते."

लोकल?

आता मिशनबद्दल सांगते. आमची कोथरूडची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेलीये. बिल्डरचा फॉर्म दोन महिने डायनिंग टेबलवर पडून होता. ऑप्शन दोन. एक मोठा फ्लॅट घ्या, नाहीतर शेजारी-शेजारी दोन छोटे. वरवर साधा प्रश्न. पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला, जो आई-बाबांनी दादाला गेल्या दहा-बारा वर्षांत कधीच सरळ विचारला नाही. तू परत येणार आहेस का? दादा २०१३ मध्ये 'दोन वर्षांसाठी' गेला. मग नोकरी, मग लग्न, मग चिऊ. आता चिऊ सात वर्षांची आहे. आणि मी फ्रीलान्स जर्नलिस्ट, म्हणजे आमच्या घरच्या भाषेत 'हिला वेळ असतो'. तेव्हा ठरलं, हिलाच पाठवू. जरा अंदाज घेऊन येईल!

अंदाज राहिला बाजूला. पहिल्याच सकाळी डोक्यात पोपट शिरला.

हेंड्रिक्सचा पोपट?

लंडनमध्ये पोपट कुठे बघायचे, हा प्रश्नच चुकीचा आहे. कुठे नाहीत ते विचारा. रिचमंड पार्क, क्यू गार्डन्स, ऐन शहराच्या मधोमध असलेलं केन्सिंग्टन गार्डन्स. शनिवारी चिऊ मला तिथल्या पीटर पॅनच्या पुतळ्याजवळ घेऊन गेली. एक बाई हात पुढे करून उभ्या, तळहातावर सफरचंदाची फोड, आणि मनगटावर चक्क पोपट! मीही पर्स चाचपायला लागले, तर चिऊ गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "आत्या, नो. बोर्ड वाच." पक्ष्यांना खायला घालू नका. बरं बाई.

हे आले कसे, याच्या एकेक भन्नाट दंतकथा आहेत. सगळ्यांची लाडकी म्हणजे गिटारवाला जिमी हेंड्रिक्स. साठच्या दशकात त्यानं म्हणे कार्नबी स्ट्रीटवर पोपटांची एक जोडी सोडून दिली, आणि पुढची सगळी प्रजा तिचीच. दुसरी गोष्ट सिनेमावाली. १९५१च्या 'द आफ्रिकन क्वीन'चं काही शूटिंग आयलवर्थच्या स्टुडिओत झालं, दादाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. जंगलाचा फील यावा म्हणून आणलेले पोपट तिथून पळाले, अशी ती गोष्ट.

आणि मग आले शास्त्रज्ञ. सगळ्या मजेवर पाणी! लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी पोपटांच्या जुन्या नोंदी नकाशावर मांडल्या. गुन्हेगाराचा ठावठिकाणा शोधायला पोलीस जी पद्धत वापरतात, तीच वापरली. २०१९ मध्ये निष्कर्ष आला की, ना हेंड्रिक्स, ना सिनेमा. वर्षानुवर्षं लोकांनी पाळलेले पोपट इकडून-तिकडून निसटत राहिले किंवा सोडले गेले. १९२९-३०च्या सुमाराला 'पोपटाचा ताप' या रोगाची भीती पेपरांनी पसरवली, तेव्हा घाबरून पिंजरे उघडणारेही कमी नव्हते. म्हणजे कुणी एक हीरो नाही. शेकडो मामुली घरांतले शेकडो मामुली पिंजरे.

जंगली पोपटांची वीण इथे सुरू झाली ती १९६९ पासून. आज ब्रिटनमध्ये त्यांच्या सुमारे बारा हजार जोड्या आहेत. मूळचा हा पक्षी आफ्रिकेच्या मधल्या पट्ट्यातला आणि भारतीय उपखंडातला. पण २०१५ मध्ये आलेल्या डीएनएच्या अभ्यासात युरोपातल्या पोपटांचं माहेर बहुतांशी पाकिस्तान आणि उत्तर भारताकडचं निघालं. थोडक्यात, थंडीची आधीच सवय असलेले. मी ही बातमी फोनवर आईला दिली. ती म्हणाली, "म्हणजे आपले नव्हेतच. उगाच कौतुक."

त्यांचं सगळ्यांना कौतुक आहे असं मुळीच नाही. ते झाडांच्या ढोलीत घरटं करतात, आणि इतर पक्ष्यांच्या आधी, फेब्रुवारीतच जागा धरतात. नटहॅच नावाचा छोटा पक्षीही ढोलीतच राहतो. बेल्जियममधल्या अभ्यासात पोपटांमुळे त्याची पंचाईत होते असं दिसलं. इंग्लंडमध्ये तसा ठोस पुरावा मिळाला नाही. पण पोपट जवळ असला की बागेतल्या दाण्यांपाशी छोटे पक्षी बिचकतात, हे मात्र लंडनमध्येच नोंदवलं गेलंय. शेतकरी फळांवरून वैतागतात. त्यात नवीन काय? आपल्याकडे ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफण कुणासाठी फिरवायचे? पोपट मायदेशीसुद्धा कधी सगळ्यांचा लाडका नव्हता. पिंजऱ्यात 'विठू विठू' म्हणणारा तेवढा लाडका. आणि आता तोही नाही, कारण आपल्याकडे पोपट पाळणं हा कायद्यानं गुन्हा आहे.

'पण तो इथेच जन्मलाय ना?'

खरा घोळ पुढेच झाला.

चिऊच्या शाळेत प्रोजेक्ट होतं. आपल्या परिसरातला एक 'नेटिव्ह' प्राणी. चिऊनं अर्थातच खिडकीतला पोपट काढला. पोपटी रंगाची अख्खी पेन्सिल संपवली. बाईंनी खाली गोलगरगरीत अक्षरात लिहून पाठवलं की चित्र सुंदर आहे, पण हा पक्षी इथला नाही, बाहेरून आलेला आहे. तर असं कर, एका बाजूला बाहेरून आलेला प्राणी, दुसऱ्या बाजूला इथला, आणि दोघांची तुलना कर.

बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. उलट आयडिया छान होती. पण चिऊ वही घेऊन किचनमध्ये आली आणि म्हणाली, "आत्या, पण तो इथेच जन्मलाय ना? त्याचे आई-बाबा पण इथेच जन्मले. मग तो इथला का नाही?"

दादा डिशवॉशरमध्ये ताटल्या लावत होता. त्याचा हात थांबला. वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी फ्रिजवरचं मॅग्नेट बघितलं. शनिवारवाड्याचं होतं.

"इथला म्हणजे... खूप जुना, गं," मी काहीतरी ठोकून दिलं.

"किती जुना?"

मग लायब्ररीतून नद्यांवरचं पुस्तक आलं. चिऊनं त्यातला सगळ्यात 'यक्' दिसणारा प्राणी निवडला. ब्रूक लॅम्प्रे. मी फोटो बघितला आणि अकरावीची बायोलॉजी धाडकन समोर उभी राहिली. सायक्लोस्टोमाटा! पेट्रोमायझॉन आणि मिक्झीन! दोन मार्कांसाठी पाठ केलेलं, परीक्षेनंतर कायमचं विसरलेलं. पोपटपंचीच ती. जिवंत लॅम्प्रे दिसतो कसा, हे कधी मनातही आलं नव्हतं. येणार कसं? भारतात लॅम्प्रे नाहीतच. म्हणून तर मराठीत त्याला नावही नाही.

"चला, बघून येऊ," दादा म्हणाला. "विंचेस्टरला आहेत. आणि हाच सीझन आहे."

काचेसारखी नदी

पुढच्या शनिवारी आमची वरात निघाली. हाउन्स्लोहून क्लॅपहॅम जंक्शन, तिथे गाडी बदलून विंचेस्टर. डब्यात वहिनीनं ठेपले काढले. प्रवास मोजून एक-सव्वा तासाचा, पण ठेपल्यांशिवाय प्रवास कसला?

विंचेस्टर म्हणजे एकदम पोस्टकार्ड गाव. उतरती हाय स्ट्रीट, मध्ययुगातलं लांबलचक कॅथीड्रल, त्यात जेन ऑस्टिनची कबर. शेजारून वाहणारी इचेन नदी. १८१९च्या सप्टेंबरात कीट्स याच नदीकाठी फिरायला जायचा, आणि त्याची शरद ऋतूवरची प्रसिद्ध कविता इथलीच. लॅम्प्रेलासुद्धा या गावात राजेशाही कनेक्शन आहे बरं का! ११०० साली राजा विल्यम रूफस जवळच्या न्यू फॉरेस्टमध्ये बाण लागून मेला. त्याला याच कॅथीड्रलमध्ये पुरलं. धाकट्या भावानं, म्हणजे पहिल्या हेन्रीनं, तडक घोडा पिटाळत विंचेस्टर गाठून खजिना ताब्यात घेतला आणि राजा झाला. हाच हेन्री ११३५ मध्ये नॉर्मंडीत वारला. कशानं? डॉक्टरांनी नको म्हटलं असतानाही लॅम्प्रेवर ताव मारला म्हणून, असं त्या काळच्या बखरकारानं लिहून ठेवलंय. ते बहुधा मोठे, समुद्रातले लॅम्प्रे असावेत. आमचा ब्रूक लॅम्प्रे जेमतेम वीतभर. त्यानं राजा कशाला, मांजरसुद्धा आजारी पडायचं नाही.

इचेन ही चॉक स्ट्रीम आहे. म्हणजे खडूच्या खडकातून येणारी नदी. पाऊस आधी खडकात मुरतो, गाळला जातो आणि मग झऱ्यांतून वर येतो. त्यामुळे पाणी बाराही महिने साधारण एकाच तापमानाचं आणि इतकं नितळ की तळाचा गोटा न् गोटा मोजावा. अशा नद्या जगात थोड्याच, आणि त्यातल्या बहुतेक एकट्या इंग्लंडमध्ये. मुळा-मुठेच्या काठी वाढलेल्या माणसाला पाण्याचा तळ दिसला की जरा संशयच येतो. मी दोनदा वाकून बघितलं.

विनल मूर्स नावाचं नेचर रिझर्व्ह गावाला लागूनच आहे. तिथल्या पायवाटेवर गमबूट घातलेले एक आजोबा भेटले. चिऊनं वही दाखवताच त्यांचा चेहरा खुलला. "पोपट बघायला लोक येतात, हे मी ऐकलंय. लॅम्प्रे बघायला आलेली तू पहिली!" असं म्हणत ते आम्हाला एका उथळ ओहोळापाशी घेऊन गेले. बोट ओठांवर ठेवून खाली बघायला सांगितलं.

आधी काहीच दिसेना. मग तळावरच्या बारीक खड्यांमध्ये काहीतरी हललं. पेन्सिलीएवढ्या, तपकिरी, वळवळणाऱ्या सात-आठ रेघा. दिसायला वाम माशाची पिल्लंच जणू. पण वामीला जबडा असतो, याला नाही! खवले नाहीत, हाडं नाहीत, बाजूचे पर नाहीत. तोंड म्हणजे गोल चकती. डोक्यावर एकच नाकपुडी, आणि डोळ्यामागे दोन्ही बाजूंना ओळीनं सात-सात भोकं, बासरीसारखी. जर्मन लोक त्याला 'नऊ डोळ्यांचा' म्हणतात ते यामुळेच.

त्यातल्या एकानं ती चकती एका खड्याला चिकटवली, अंगाला झोल दिला आणि खडा ओढत बाजूला नेऊन ठेवला. मग दुसऱ्यानं तेच. मग तिसऱ्यानं. बशीएवढा खळगा तयार होत होता. हात नाहीत, जबडा नाही, आणि घर बांधायचं काम चालू! पेट्रोमायझॉन म्हणजे 'दगड चोखणारा'. आमच्या बाईंनी हे एकदा दाखवलं असतं तर मी जन्मात विसरले नसते.

आजोबा हळू आवाजात सांगत होते. अंड्यातून बाहेर पडला की हा पोरगा प्रवाहाबरोबर थोडा खाली जातो आणि मऊ गाळात शिरतो. आंधळा असतो. तोंडाशी येईल ते शेवाळ, कण गाळून खातो. असं किती दिवस? दिवस कसले, तीन ते सहा वर्षं! मग एका उन्हाळ्यात रूप पालटायला लागतं. डोळे येतात, ती चकती तयार होते, आणि पोटातली आतडी आटून जातात. मोठं झाल्यावर हा मासा खातच नाही. एक थंडी काढतो, वसंतात पाणी दहा-अकरा अंशांवर गेलं की जमतो, खळगा खणतो, अंडी घालतो. आणि मरतो.

"म्हणजे पाच-सहा वर्षं चिखलात, आणि बाहेर आल्यावर जेवणपण नाही?" दादा हबकला.

"तू नाही का काढलीस पाच वर्षं, पर्मनंट व्हिसासाठी?" वहिनी म्हणाली. "तीही सँडविचवर."

हसलो सगळे. पण हसताना मी दादाकडे बघितलं. तो पाण्याकडे बघत होता.

आमने-सामने

ठेपले खाता खाता चिऊनं वहीत दोन रकाने आखले. तुमच्यासाठी जसेच्या तसे, थोडी भर घालून:

आवाज: पोपट, बाप रे! लॅम्प्रे, शून्य.

दिसणं: पोपट, हीरो. लॅम्प्रे, यक्. (आत्याचं मत: जवळून बघितल्यावर तितकासा यक् नाही.)

खाणं: पोपट, मिळेल ते आणि तेही अर्धं टाकून. लॅम्प्रे, लहानपणी गाळातलं, मोठेपणी उपास.

घर: पोपट, दुसऱ्याची ढोली. लॅम्प्रे, स्वतः खणलेला खळगा.

घराणं: लॅम्प्रेचं सगळ्यात जुनं जीवाश्म छत्तीस कोटी वर्षांपूर्वीचं, दक्षिण आफ्रिकेत सापडलेलं. डायनॉसॉर यायचे होते तेव्हा. पोपट मंडळींचा तर पत्ताच नव्हता.

ओळख: पोपट, अख्ख्या लंडनला ठाऊक. लॅम्प्रे, गमबूटवाले आजोबा आणि चिऊ.

शेवटचा रकाना होता संकट. पोपटाचं सोपं. आता लंडनमधले बहिरी ससाणे त्यांना मटकावतात, शेतकरी वैतागतात. पण एखादं झाड गेलं तर तो दुसऱ्यावर जाऊन बसतो. लॅम्प्रेचं तसं नाही. त्याला लहानपणी मऊ गाळ लागतो आणि मोठेपणी स्वच्छ खडे, आणि हे दोन्ही एकाच ओढ्यात, जवळजवळ. नदीतून जास्त पाणी उपसलं, सांडपाणी सोडलं, मध्ये बंधारा घातला की त्याची साखळी तुटते. इचेनला कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते ज्यांच्यासाठी आहे त्या यादीत ब्रूक लॅम्प्रेचंही नाव आहे. तरीसुद्धा इंग्लंडच्या चॉक स्ट्रीम्सवर पाणीउपसा आणि सांडपाणी ही दोन्ही संकटं आहेतच.

मला एकदम आमची कोथरूडची बिल्डिंग आठवली. मी कुठेच गेले नाही. पुण्यात जन्मले, पुण्यात शिकले, मास कॉमही तिथेच केलं. तरी माझं घर सहा महिन्यांत पाडणार आहेत. पेरूच्या झाडासकट. जाणाऱ्याचं घर सुटतं, हे आपण सारखं म्हणतो. राहणाऱ्याचंही सुटतं, जाग्यावर बसल्या बसल्या. त्याबद्दल कुणी एअरपोर्टवर रडत नाही, एवढंच.

कोण कुठला?

'इथला' आणि 'बाहेरचा' या रकान्यांची खरी गंमत तर पुढे आहे. समुद्री लॅम्प्रे हा ब्रूक लॅम्प्रेचा दांडगा नातेवाईक. ब्रिटनमध्ये तो अस्सल इथला, आणि आता दुर्मीळ. ग्लॉस्टर गावाची राजघराण्याला लॅम्प्रेचा पाय भेट देण्याची जुनी परंपरा आहे. २०१२ मध्ये राणीच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली, तेव्हा पायसाठी लॅम्प्रे आणावे लागले ते थेट उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्समधून! का? तर तिथे हाच मासा उच्छाद मांडणारा घुसखोर आहे. जहाजांसाठी कालवे खणले, त्यांतून तो आतल्या तळ्यांत शिरला. १९२१ मध्ये ईरी तलावात सापडला, आणि पुढे तिथल्या ट्राउट माशांची त्यानं पार वाट लावली. म्हणजे एकच मासा. इथे संरक्षित, तिथे व्हिलन. माशानं काय बदललं? काहीच नाही. पत्ता बदलला.

निघताना आजोबांनी अजून एक गोष्ट सांगितली. ब्रूक लॅम्प्रेचा एक जवळचा भाऊबंद आहे, रिव्हर लॅम्प्रे. तोही असाच नदीतल्या गाळात वाढतो. पण मोठा झाला की नदीच्या मुखाकडे, समुद्राकडे जातो, दुसऱ्या माशांना चिकटून त्यांच्यावर पोसतो, दुप्पट मोठा होतो, आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. हे दोन वेगळे मासे, की एकाच माशाच्या जगण्याच्या दोन तऱ्हा, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. "गाळात असताना दोघं शेजारी ठेवले," आजोबा म्हणाले, "तर नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही, कोण समुद्राकडे जाणार आणि कोण इथेच राहणार."

आजोबा टोपी उचलून गेले. चिऊ आणि वहिनी बदकांकडे वळल्या. काठावर आम्ही दोघंच.

"फॉर्म भरलाय मी," दादा म्हणाला. "सिटिझनशिपचा. मंजूरपण झालाय. मेमध्ये शपथ आहे, काउन्सिलच्या ऑफिसात."

झाला माझा पोपट! मी अंदाज घ्यायला आले होते, आणि इकडे सगळं ठरूनसुद्धा झालं होतं. राग आला, खूप. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. म्हणजे आपला पासपोर्ट परत करायचा, मग ओसीआय कार्ड काढायचं, आणि पुण्याला यायचं ते परदेशी पाहुणा म्हणून. "सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"काय सांगू? आई विचारतच नाही. तिनं विचारलं नाही की मी सांगत नाही. बारा वर्षं चाललंय." मग थोडा वेळ थांबून म्हणाला, "दोन्ही पासपोर्ट निळेच आहेत गं. तरी काल रात्री जुना काढून बघत बसलो होतो. फोटोत केस होते मला."

मला काय बोलावं सुचेना. त्याला 'परत ये' म्हणायचा मला हक्क आहे का? चिऊचं गाव कुठलं, हे ज्वारीच्या माळ्यावरून कोण ठरवणार? आणि मी जी राहिले, ती काही मोठ्या निष्ठेनं राहिले असंही नाही. मला तिथलं पाणी मानवलं, इतकंच. आम्ही दोघं एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली वाढलो. तेव्हा कुणी सांगितलं असतं?

रात्री आईला फोन केला. हिय्या करून सगळं सांगितलं. पलीकडे शांतता. मग आई म्हणाली, "माहितीये मला. गेल्या वर्षी त्यानं माझी नि बाबांची जन्मतारीख, जन्मगाव असं सगळं विचारून घेतलं. तो काय कुंडली मांडणार होता?"

"मग तू बोलली का नाहीस?"

"त्यानं सांगायची वाट बघत होते." पुन्हा शांतता. "दोन छोटे नकोत. एकच मोठा घेऊ. आली सगळी तर एकत्र राहता येईल. आणि बिल्डरला सांग, पेरू पाडलास तर दुसरा लावून दे."

चिऊचं प्रोजेक्ट सोमवारी गेलं. पोपटाच्या रकान्यावर तिनं आधी लिहिलेलं 'बाहेरचा' खोडलं होतं आणि त्या जागी 'नवीन इथला' लिहिलं होतं. लॅम्प्रेच्या रकान्यावर 'जुना इथला'. बाईंनी खाली स्टार दिला.

तुम्हालाही जायचंय?

पोपट: केन्सिंग्टन गार्डन्स. ट्यूबनं लँकेस्टर गेटला उतरा. बाराही महिने, तिकीट नाही. खायला घालू नका, चिऊ बघतेय!

लॅम्प्रे: लंडन वॉटर्लूहून विंचेस्टरला थेट गाडी, साधारण तासाभराची. विनल मूर्स स्टेशनपासून चालत. एप्रिल-मे हाच त्यांचा मोसम. पाण्यात उतरू नका, खड्यांमधली अंडी चिरडतात. काठावर शांत बसा, आणि सूर्य पाठीशी राहू नये असं बघा, नाहीतर तुमची सावली पडते आणि सगळे गायब.

सोबत: गमबूट, ठेपले, आणि जमलं तर भाऊ.